साक्षीचा ठोकळा

ठोकळा मोडला आणि त्याचा आवाज तिच्या दाढेत गेला. मोडताना आवाज व्हायचाच, त्यात नवल नव्हतं. पण तो वाळक्या पाचोळ्यावरून कुणी सावकाश चालत गेल्यासारखा असायचा, जरा कुरकुर, थोडं थांबणं, पुन्हा कुरकुर. एक थर बसायचा, मग त्याखालचा, मग त्याखालचा, आणि थकलेलं माणूस खुर्चीत बसावं तसा ठोकळा हळूहळू चपटा व्हायचा. आज तसं काही झालं नाही. एकदाच टक् झालं. पडद्यावरची रेघ वर चढता चढता कड्यावरून पाय सटकल्यासारखी खाली आली. तिनं काचेचं झाकण उघडून पाहिलं, तर ठोकळ्याचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावरून तिरका घसरून बाजूला जाऊन बसला होता. खालचा अर्धा जसाच्या तसा उभा होता, आपलं काही गेलंच नाही अशा थाटात. तिनं जीभ दाढेवर फिरवली. दाढ जागेवर होती. तरी आवाज तिथंच कुठंतरी अडकून राहिला होता, आणि तिला वाटलं, हा आपण आधी कधीतरी ऐकलाय. ऐकलेला नव्हता. ऐकायचा राहिला होता.

या कारखान्यात धातूच्या पुडीपासून वस्तू घडवत. पिठासारखी बारीक पूड पातळ थरात पसरायची, लेझरनं हवी तेवढीच वितळवायची, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, आणि शेवटी सगळी पूड झाडून टाकली की आत वस्तू तयार उभी. त्या वस्तू भरीव नसत. आतून नुसती जाळी असे, काडीहून बारीक दांड्या एकमेकींना धरून उभ्या, आणि बाकी सगळी हवा. हातात घेतली तर वजन कळत नसे. नवीन आलेली माणसं हसत, हे काय टिकणार म्हणत. टिकतं की नाही हे सांगणं तिचं काम होतं. ती मोडायची. दिवसभर वरची पोलादी चकती खाली आणायची, जाळीवर टेकवायची, बटण दाबायचं आणि जाळी कशी जाते ते पाहायचं. पूड पसरणाऱ्या मशीनवरचा माणूस, ज्याला सगळे पूडवाला म्हणत, तिला चेपणकाकू म्हणायचा, आणि इतकी वर्षं म्हणत आला होता की आता मॅडमच्याही तोंडातून कधी कधी ते नाव निसटे. मॅडम इंजिनियर होती, तिच्या मुलीच्या वयाची शोभली असती, जाळीची आखणी तीच करायची.

जी वस्तू गिऱ्हाइकाला जायची ती मोडून बघता येत नाही. म्हणून तिच्यासोबत त्याच पाटीवर, त्याच पुडीतून, त्याच जाळीचे छोटे ठोकळे घडवायचे. त्यांना साक्षीदार म्हणत. वस्तू अखंड बाहेर जायची आणि तिच्या वतीनं साक्षीदार मोडायचा. त्यातही एक रीत होती. वस्तूच्या सगळ्यात जवळ उभा असेल तोच ठोकळा मोडायचा, लांबचा नाही. लांबच्याला काय माहीत.

तिनं पूडवाल्याला हाक मारली. तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडावरची जाड मुखपट्टी गळ्यात लोंबत, असा आला आणि चिमट्यानं वरचा अर्धा उचलून उजेडात धरला.

"तिरका गेला की हो," तो म्हणाला. "तुमच्याकडून काही…"

"माझ्याकडून काही नाही. पाटीवर कुठं होता हा?"

"धुराच्या तोंडाशी."

तिला ते तोंड माहीत होतं. लेझर पुडीवर पडला की धूर उठतो, ठिणग्या उडतात. एका बाजूनं वारा सोडून तो धूर दुसऱ्या बाजूच्या तोंडात ढकलतात. वारा मंद झाला तर ठिणग्या तिथवर पोचत नाहीत, तोंडाच्या अलीकडेच पुडीवर पडतात, आणि त्यांच्या खाली पुढचा थर नीट जुळून येत नाही. वरून बघावं तर सगळं छान. आतल्या दांड्या मात्र नुसत्या शेजारी शेजारी उभ्या असतात, एकमेकींना धरलेल्या नसतात.

"फिल्टर चोंदला असेल," पूडवाला म्हणाला. "बघतो खोलून."

"कधीपासून चोंदलाय?"

"आता मला काय स्वप्न पडतंय? वाऱ्याचा काटा तर रोज बरोबर दाखवतोय. मागच्या मोठ्या सफाईनंतर केव्हाही." मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कशाला पांढऱ्या पडलात? मी पांढरा असतो ते पुडीनं. मोडणं तर तुमचा धंदाच आहे, काकू."

ती हसली. हसू ओठांवर आलं तसं तिथंच वाळून गेलं. मोठी सफाई थंडीच्या आधी झाली होती. भावाचा तुकडा थंडीत घडला होता. आणि तो पाटीवर कुठं उभा होता हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती, कारण त्या दिवशी मशीनच्या छोट्या खिडकीला कपाळ लावून ती दुपारभर उभी राहिली होती. आत निळसर ठिणग्या नाचत होत्या आणि तिच्या धाकट्या भावाच्या नडगीचं हाड थरावर थर वर येत होतं. धुराच्या तोंडाशी. ठिणग्या त्याच बाजूला झुकत होत्या, आणि तिला वाटलं होतं, किती सुंदर दिसतंय हे.

भाऊ रंगारी होता. रस्त्याच्या कडेला डबे उतरवत असताना मागं येणाऱ्या ट्रकनं त्याचा पाय भिंतीला दाबला होता. हाडाचा एक भाग चुरा झाला, उरलेल्यात पू झाला, मग डॉक्टरांनी तेवढं हाड काढूनच टाकलं आणि मध्ये मोकळी जागा राहिली. ती जागा भरायला काय लागेल हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, हे तर आमच्याकडे घडतं. दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात, ओल्या फरशीच्या वासात, तिला लाज वाटावी इतका अभिमान वाटला होता. मॅडमनं तिला शेजारी बसवून समजावलं होतं, काकू, भरीव दांडा टाकला तर तो कधीच मोडणार नाही, पण मग सगळा भार तोच घेईल, आणि शेजारच्या हाडाला काही कामच उरणार नाही. भार मिळाला नाही की हाड वाळतं. म्हणून आपण जाळी हाडाइतकीच नरम ठेवायची, हाड दबतं तेवढीच ती दबली पाहिजे. मग हाड तिच्या भोकांत शिरेल, वाढेल, दोघं मिळून भार घेतील. तिनं मान डोलावली होती आणि तिच्या मनात भलतंच आलं होतं. भाऊ लहान असताना, चालायला लागल्यावरसुद्धा, ती त्याला कडेवर घेऊन हिंडायची. आई कामावर, आणि ही दहा वर्षांची, कंबर एका बाजूला काढून, त्याला घेऊन गल्लीभर. शेजारीण म्हणायची, अगं त्याला खाली सोड, त्याच्या पायांना काय शोभेला दिलंय का देवानं? ती सोडत नसे. पडेल म्हणायची. अजूनही ती उभी राहिली की कंबर तशीच एका बाजूला जायची, रिकामी.

मॅडमच्या खोलीच्या दारात जाऊन ती म्हणाली, "मला जरा बाहेर जायचंय."

"जा ना. तो तिरका गेलेला ठोकळा बघतेय मी. सफाईनंतरच्या सगळ्या पाट्या पुन्हा बघाव्या लागतील." मॅडमनं मान वर केली. "तुमच्या भावाच्या वेळचा साक्षीदार चांगला गेला होता नाही का? जवळचाच होता ना तो? मी ग्राफ बघितलेला आठवतोय. असा ग्राफ शिकवायला ठेवावा."

"हो," ती म्हणाली.

"चेहरा का उतरलाय?"

"दाढ दुखतेय."

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं चालत होती. ती पायांकडे पाहत चालली. एवढ्या वर्षांत तिनं असे पाय पाहिले नव्हते. टाच टेकते, नडगीवर भार येतो, नडगी कळेल न कळेल एवढी दबते, पाय उचलतो, सुटते. पुन्हा टेकते. तिच्या खोलीच्या पलीकडच्या खोलीत एक दुसरं मशीन होतं, ते मोडत नसे, नुसतं हलकेच दाबायचं आणि सोडायचं, दाबायचं आणि सोडायचं, अखंड. एका दाबानं ज्याचं काही होत नाही ते अशा लाखो दाबांनी एक दिवस जातं, आणि कुठल्या दिवशी ते आधी कळत नाही. भिंतीतून त्याचा टिकटिक आवाज यायचा, तिला त्याची इतकी सवय होती की बंद पडलं तरच ऐकू यायचं. आता ते सगळ्या रस्त्यावर वाजत होतं. एक बाई उंच टाचांवरून धावत बस पकडायला निघाली होती आणि तिच्या प्रत्येक पावलाबरोबर हिच्या पोटात काहीतरी दबत होतं आणि सुटत होतं. भावानं काठी टाकून कितीतरी दिवस झाले होते. या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, जा आता, काम कर, पायाला विसरून जा. आणि तो कामावर गेला होता.

ती काय करायला निघाली होती हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी प्रत्येक चौकात ती ते स्वतःला नव्यानं सांगत होती. भावाच्या पाटीवर दोन साक्षीदार होते. एक तुकड्याला चिकटून, धुराच्या तोंडाशी. दुसरा पलीकडच्या टोकाला, जिथून वारा सुटतो. त्या दिवशी तिनं जवळचाच घेतला होता. रीतीप्रमाणं चकतीवर मधोमध ठेवला होता, वरची चकती अगदी केसाच्या अंतरावर आणली होती. मग टेकवली. बटणावर अंगठा ठेवला. आणि अंगठा खाली जाईना. भाऊ तेव्हा दवाखान्यात पायाला बाहेरून लोखंडी कड्या लावून पडला होता, पलंगावरून छताकडे बघत, आणि छताला कुठला रंग दिला पाहिजे यावर परिचारिकेशी वाद घालत होता. हा ठोकळा त्याच्या हाडाशेजारी जन्मला होता. त्याच पुडीतून, त्याच ठिणग्यांत. तिनं आयुष्यात कितीतरी ठोकळे चेपले होते, डोळ्याची पापणी लवली नव्हती. पण याला कुठून चेपायचं? तिला वाटलं, इथं हा मोडला तर तिथं काहीतरी मोडेल. असला विचार दुसऱ्या कुणी बोलून दाखवला असता तर ती पोट धरून हसली असती. तिनं चकती वर घेतली, ठोकळा ओच्यात टाकला आणि लांबचा आणून ठेवला. दिसायला दोघं सारखेच. लांबचा इतका छान गेला, एकेक थर असा शांतपणे बसत गेला, की ती एकटीच मशीनपुढं उभी राहून रडली होती, आनंदानं. आणि वर चिठ्ठीवर लिहिलं होतं, जवळचा. खरा जवळचा तिनं भावाला नेऊन दिला, आणि पुढं त्यानं तो किल्ल्यांच्या कडीत अडकवला.

तेव्हा त्यात काही खोटं आहे असं तिला वाटलंच नव्हतं. एकाच घरची दोन पोरं, एकाला विचारलं काय आणि दुसऱ्याला विचारलं काय.

भाऊ एका जुन्या इमारतीच्या जिन्याच्या चौकाला रंग देत होता. खालून वर बघितलं तर चौक विहिरीसारखा उंच गेला होता, आणि अर्ध्या उंचीवर, भिंतीला लावलेल्या लांब शिडीवर तो उभा होता, डोक्यावर कागदाची टोपी, पॅन्टवर सगळे जुने रंग. शीळ घालत होता. तिला पाहून शीळ थांबली.

"अरे वा! आज कुणीकडं उगवला सूर्य? डबा घेऊन आलीस की काय? ताई, माझं लग्न झालंय, कुणीतरी सांगा हो हिला."

"खाली ये जरा."

"आत्ता तर वर आलोय. हा पट्टा ओला आहे, मध्येच सोडला तर डाग राहील. तिथूनच ओरड काय ते."

"तुझ्या किल्ल्या दे."

"कशाला? घर विकायला काढलंस?"

"किल्ल्यांचा ठोकळा हवाय. मशीन तपासायचंय, त्याला जुना ठोकळा लागतो." आपला आवाज चौकात वर वर जाऊन परत येतोय आणि परत येताना जास्त खरा वाटतोय, असं तिला वाटलं.

त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. तो उतरू लागला तशी ती शिडीपाशी गेली आणि शिडी दोन्ही हातांनी धरली, जोरात, जणू ती धरल्यानं त्याच्या पायातलंही काही धरून राहणार होतं. त्याची टाच तिच्या डोळ्यांसमोरून खाली आली. चांगला पाय, मग तो पाय. नडगीवर पॅन्टचं कापड ताणलं जायचं आणि सैल व्हायचं. शेवटच्या पायऱ्या त्यानं सोडूनच दिल्या आणि धप्पकन् दोन्ही पायांवर तिच्यापुढं उडी मारली.

"बघितलंस? डॉक्टरलाही करून दाखवली. तो म्हणाला, आता तुला सर्कशीत पाठवतो."

"असं करू नकोस."

"तुझं आपलं कायमचं. मला ना तू काचेच्या कपाटात ठेव आणि वर लिही, हात लावू नये." त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. कडीत तो ठोकळा होता, कडा घासून चकचकीत झालेल्या, भोकांमध्ये खिशातली लव आणि वाळलेला पांढरा रंग. त्यानं तो सोडवला पण लगेच दिला नाही. "परत मिळणार ना?"

"दुसरा देईन."

"दुसरा नको गं. हा माझा शेजारी. तुझी भावजय हसते मला. म्हणते, जेवतानासुद्धा ताटाशेजारी ठेवतोस, त्याला पण वाढू का?" आणि मग जरा वेगळ्या आवाजात, नजर दुसरीकडे करून तो म्हणाला, "पहिल्यांदा पाय टेकवला ना, तेव्हा हा मुठीत होता. इतका आवळला होता की तळहातावर जाळी उठली. म्हटलं, हा एवढासा उभा राहतोय, तर मी का नाही."

त्या वेळी सांगायचं होतं. तो जमिनीवर होता, जिन्याच्या पायरीवर बसला असता, तिनं त्याचा हात धरून सांगितलं असतं. शब्द घशापर्यंत आले होते, तिला त्यांची चव लागत होती, धातूची. पण अजून काय कळलं होतं? काहीच नाही. कदाचित हाही छान जाईल, थराथरानं, शांतपणे. आणि तो छान गेला तर मग कुणाला काही सांगायचं कारणच उरणार नव्हतं, ना भावाला, ना मॅडमला. सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. तेवढ्याच आशेवर ती उभी होती. थोडा वेळ, तिनं मनाशी म्हटलं, कारखान्यात पोचेपर्यंत आणि बटण दाबेपर्यंत, एवढाच. एवढ्या वेळात काय होतंय?

"आज लवकर घरी जा," ती म्हणाली.

"पट्टा वाळेपर्यंत कसा जाऊ?" आणि तो शिडी चढू लागला. ती दारापर्यंत गेली तेव्हा शीळ पुन्हा सुरू झाली होती.

खोलीत परतल्यावर तिनं दार लोटलं. बारीक ब्रशनं भोकांतली लव काढली, टोकदार सुईनं रंग खरवडला. रंगाचे पांढरे कण टेबलावर पडले. ठोकळ्याच्या एका बाजूला वरची दिशा दाखवणारी छोटी खूण होती, ती घासून जवळजवळ गेली होती, पण बोट फिरवल्यावर लागली. तिनं तो चकतीवर मधोमध ठेवला. वरची चकती केसाच्या अंतरावर आणली. टेकवली. तिला आश्चर्य वाटलं की आज अंगठ्याला काही वाटत नव्हतं. अंगठा तिचा नव्हताच. तो बटणावर होता आणि मग बटण खाली होतं.

रेघ निघाली. सरळ, सुतासारखी, जशी निघायला पाहिजे तशीच. तिच्या छातीत इतकं सुटसुटीत झालं की ती मोठ्यानं "चल" म्हणाली, शिडीशी उभं राहून कुणाला तरी वर पाठवत असल्यासारखं. चल. मॅडमनं आखलेली आडवी तांबडी रेघ पडद्यावर वर होती, तिथवर जायचं, तिथून हळूच वाकायचं आणि मग थर बसू लागतील. रेघ चढत होती. अंतर कमी होत होतं. तिला दिसला तो दवाखान्यातला बोळ, आणि भाऊ पहिल्यांदा उभा राहताना, एक हात भिंतीवर आणि दुसरा मुठीत आवळलेला, चेहरा घामानं निथळणारा आणि तरी हसणारा, आणि ती त्याला धरायला पुढं झालेली, आणि तो दात ओठ खाऊन म्हणालेला, ताई, हात लावू नकोस. पडद्यावरची रेघ तांबड्या रेघेच्या बऱ्याच खाली होती अजून.

टक्.

वरचा अर्धा तिरका घसरला, चकतीच्या कडेपर्यंत गेला आणि खाली फरशीवर पडला. तिथंही त्याचा आवाज झाला, अगदी हलका, कारण त्याला वजनच नव्हतं.

मॅडम कधी आत आली ते तिला कळलं नाही. मॅडमनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग खाली वाकून तुकडा उचलला, बोटांत फिरवला, टेबलावरचे पांढरे कण पाहिले.

"कुणाचा आहे हा, काकू?"

"भावाचा."

"त्याचा तर तेव्हाच…" आणि मॅडम थांबली. तिच्या चेहऱ्यावर एकेक थर बसत गेला. "तो लांबचा होता."

"हो."

मॅडम ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टूल ओढून बसली. तो आराखडा तिनंच काढला होता. "हाड किती शिरलंय आत? शेवटचा फोटो कधी काढला? शिरलं असेल तर थोडा भार हाड घेत असेल. थोडा. मला नाही सांगता येत. कुणालाच नाही येणार."

"मग काढून दुसरा घालता येईल?"

"हाडानं धरलेला असेल तर तो काढायचा म्हणजे पुन्हा तेवढं हाड कापायचं. त्याहून जास्तच." मॅडमनं तिच्याकडे पाहिलं. "आता कुठं आहे तो?"

"शिडीवर."

"काकू, फोन करा. बाकी सगळं नंतर. आधी फोन करा."

फोन बराच वेळ वाजला. मग उचलला गेला आणि चौकाचा तो पोकळ, वर जाणारा आवाज आधी आला, मग भाऊ.

"बोल. पास झालं का तुझं मशीन?"

"कुठं आहेस?"

"कुठं असणार? हवेत. तू गेल्यावर वर सरकलो, आता छताला हात लागतोय. एका हातानं धरलंय, पटकन बोल."

"ऐक माझं. दोन्ही पाय पायरीवर आहेत? चांगल्या पायावर भार घे. फोन खांद्यात धर आणि दोन्ही हातांनी शिडी पकड."

"काय झालंय?"

तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं खूप वेळ लागेल, इतके दिवस जे तिच्यापाशी होतं ते बाहेर यायला. पण चार वाक्यांत संपलं. जवळचा ठोकळा चेपायचा असतो. मी चेपला नाही. लांबचा चेपला आणि जवळचा म्हणून लिहिला. आज चेपला, तो गेला.

पलीकडे ब्रश डब्यात सोडल्याचा आवाज आला.

"म्हणजे मोडणार," तो म्हणाला.

"माहीत नाही. आज मोडेल, नाहीतर कधीच मोडणार नाही. आत हाड किती भरलंय त्यावर आहे."

"आणि पाय टेकवलाच नाही तर?"

तिनं डोळे मिटले. "तर भरलेलं हाड वाळत जाईल."

तो हसला. नेहमीसारखं नाही, नाकातून, एकदाच. "छान. मग आता खाली कुठल्या पायानं येऊ, तेही सांगून टाक."

"तू हलू नकोस. मी येते. माणसं घेऊन येते, आहेस तिथंच थांब."

"किती वेळ? तू येणार, माणसं आणणार, तोवर एका पायावर इथं?" त्याचा श्वास फोनमध्ये मोठा झाला होता. मागं चौक घुमत होता. मॅडमनं दारातून चावी हलवून दाखवली, गाडी काढते म्हणून, आणि धावत गेली. हिलाही निघायचं होतं. पाय निघेनात.

"ताई," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज लहान झाला होता, गल्लीतल्या त्या पोराएवढा, "मघाशी तर मी खाली होतो गं. तुझ्यासमोर उभा होतो."

कंबर एका बाजूला काढून ती तशीच उभी राहिली, फोन कानाला इतका दाबून की कानाचं हाड दुखायला लागलं.

"बोलू नकोस आता," तो म्हणाला. "ठेवू पण नकोस." मग खांद्यातला फोन घासल्याचा आवाज आला, त्यानं आत ओढून घेतलेला श्वास आला, आणि शिडीची एक पायरी वाजली.